अहो आई

आमच्या मंडळीतल्या बायका माझ्यावर जळतात आणि मी त्यांच्यावर जळते. फरक इतकाच, की त्या तोंडानं बोलून मोकळ्या होतात आणि मला गिळून बसावं लागतं. रविवारची उपासना सुटली की चर्चच्या दारात कुणीतरी मला गाठतंच. तुमचा मुलगा किती गुणी, आईला अहो-जाहो करतो, आमच्या कार्ट्याला चार गोष्टी शिकवा म्हणावं. मी आपली हसते. तेवढ्यात तिचं ते कार्टं फाटकातून ओरडतं, ए आई, चल ना गं, किती बोलतेस! ती बिचारी लाजेनं अर्धी होते. आणि मी मनात म्हणते, बाई गं, तुझं कार्टं मला दे आणि माझा राजपुत्र घेऊन जा.

तो मला 'अहो आई' म्हणतो. मी त्याची सख्खी आई नव्हे. सख्खी तो लहान असतानाच गेली, आणि तो शाळेत जायला लागला त्या सुमारास मी या घरात आले. लग्नाच्या दिवशी माझ्या नणंदेनं त्याला माझ्यापुढे उभं केलं आणि बजावलं, या आता तुझ्या आई, यांना अहो म्हणायचं. तिला वाटलं, ती माझा मान वाढवतेय. पोरगं मुळात सांगितलेलं ऐकणारं. त्या दिवशी जे ऐकलं ते त्यानं दाढीमिशा आल्या तरी सोडलं नाही.

बरं, तक्रार करावी तर कशाची? जेवलं की स्वतःचं ताट घासून ठेवतो, परक्याच्या घरी उतरल्यासारखं. डबा हातात दिला की 'धन्यवाद आई' म्हणतो. आईला कुणी धन्यवाद म्हणतं का? स्वयंपाकघरात एक फळी ठोकून दे म्हटलं, तर 'तुम्ही काळजी करू नका, मी सुताराला सांगतो' म्हणाला, आणि खरंच सांगितलं. फळी आली, मुलगा काही स्वयंपाकघरात आला नाही. कधी दार आपटलं नाही, कधी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सावत्र आईबद्दल लोक म्हणतात. मी कानामागून आले खरी, पण तिखट व्हायची संधीच या पोरानं मला दिली नाही. नुसतं पाकात घोळवून ठेवलं.

एकदा लहानपणी त्याला ताप चढला होता. डोळे मिटलेले, अंग भट्टीसारखं. मधेच म्हणाला, "अगं आई, पाणी दे ना." मी धावत पाणी आणलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन घोट पाजले. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही?" बस्स, एवढंच. ते 'अगं' माझं नव्हतं, त्या दुसरीचं होतं. भिंतीवरच्या तिच्या फोटोवर मी तेव्हापासून जळत आलेय. पण मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? ती उलट बोलत नाही, चुकत नाही, म्हातारीसुद्धा होत नाही.

असो. या वर्षी त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पुढच्या महिन्यात जाणार होता. मला झोप येईना. एकदा गेला की फोनवर 'तुम्ही कशा आहात, तब्येत सांभाळा' एवढंच उरणार, आणि ते तर बँकेतला माणूससुद्धा विचारतो. त्याच सुमारास समुद्राकाठच्या एका वस्तीला चक्रीवादळानं झोडपलं. आमच्या तरुण संघानं तिथं मदतीला जायचं ठरवलं, आणि पोरगा निघाला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, इतक्या पोरांचा स्वयंपाक कोण करील? मी वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात आयुष्य घालवलेली बाई. त्यांचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर गेला होता. सगळ्यांना वाटलं, काय ही सेवावृत्ती. सेवा कसली डोंबलाची, मला पोराबरोबर आठवडाभर राहायचं होतं. आमच्या ह्यांनी तेवढं ओळखलं. माझं उंच स्टूल स्वतः बसमध्ये चढवून दिलं, उभी राहून पाठ मोडून घेऊ नको म्हणाले. हे मला 'अगं' म्हणतात म्हणून संसार झाला.

वस्तीत पोचलो तर तिथल्या चर्चचं छप्पर शेजारच्या शाळेच्या पटांगणात पडलेलं. आम्ही शाळेतच उतरलो. मुलं एका वर्गात, मुली दुसऱ्या, आणि मागच्या पडवीत माझा गॅस आणि भांडी. सगळीकडे खारट कुजका वास. दारं फुगून चौकटीत अडकलेली, गाद्या कुंपणावर वाळत घातलेल्या, आणि रस्त्यात कुणाचं काय पडलंय याचा पत्ता नाही. पाळकसाहेबांनी पोरांच्या तुकड्या पाडून घरं वाटून दिली. माझ्या पोराच्या तुकडीला कोपऱ्यावरचं एक किराणा दुकान आलं. तुकडीत तो, गिटार वाजवणारी एक चुणचुणीत मुलगी आणि आणखी दोघं-तिघं होते.

दुकानवाली एकटीच राहायची, दुकानामागच्या खोलीत. वय माझ्याएवढं, शरीर माझ्या दीडपट आणि तोंड तर विचारूच नका. पाणी दुकानात छातीएवढं चढलं होतं. साबणाची खोकी विरघळून चिखलात मिसळली होती, त्यामुळे पोरं जमीन घासायला लागली की फेसच फेस. दुकानवाली पायरीवर बसून हसत होती. म्हणे, अख्ख्या गावात माझ्याच दुकानातला चिखल स्वच्छ आहे. पोरं हसून लोळली. मला काही त्यात एवढं हसण्यासारखं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी जेवणाचे डबे घेऊन गेले. दुकान अजून वळणापलीकडे होतं, पण आवाज आधी आला. आवाज माझ्या मुलाचा. मोठ्यानं, भांडल्यासारखा.

"अगं मावशी, तू उतर बघू आधी खाली! पडशील ना!"

माझा पाय जागच्या जागी थांबला. डब्यातली डाळ हिंदकळून हातावर आली तरी कळलं नाही. वळून बघते तर ती बाई खोक्यावर चढून फळीवरचं काहीतरी काढत होती, आणि माझा मुलगा कमरेवर हात ठेवून तिला दटावत होता. तिला! सकाळी ओळख झाली त्या बाईला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला बघताच त्यानं हात खाली घेतले, पुढे येऊन डबे घेतले आणि म्हणाला, "आई, तुम्ही कशाला आलात उन्हाचं? मी आलो असतो न्यायला."

ती दुकानवाली खाली उतरली आणि ओळख ना पाळख, सरळ मला 'अगं ये ना, बस' म्हणाली. मी म्हटलं, नको, मला कामं आहेत. तिनं सांगितलं, मलाही अगंच म्हण, अहो म्हटलं की मला सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे उभी असल्यासारखं वाटतं. सगळ्या पोरांनाही तिनं म्हणे पहिल्याच तासाला ताकीद दिली होती, अहो म्हणेल त्याला चहा मिळणार नाही. मी मुद्दाम म्हटलं, "बरं, येते हं मी, नमस्कार, सांभाळा तुम्ही." तुम्ही या शब्दावर चांगला जोर दिला. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी बटाटे सोलता सोलता मी पोराला सहज विचारल्यासारखं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हणा ना. त्या बाई तुझ्यापेक्षा इतक्या मोठ्या, त्यांना तू म्हणतोस, बरं दिसतं का? तो गोरामोरा झाला. म्हणाला, त्यांनीच तसं सांगितलं, पण तुम्हाला आवडत नसेल तर मी उद्यापासून अहो म्हणेन. घ्या! मला हवं होतं एक, आणि पोरगा निघाला होता तिचंही काढून घ्यायला. मी म्हटलं, छे, मला काय त्याचं, म्हण हवं ते. आणि बटाटा इतका जाड सोलला की निम्मा सालात गेला.

सांगून टाकायचं ना मग, असं तुम्ही म्हणाल. इतकी वर्षं हे मी स्वतःलाच विचारत आलेय. पण मला सांगा, 'बाळा, मला तू म्हण' असं सांगितलं, आणि त्या पोरानं आज्ञा पाळायची म्हणून दुसऱ्या दिवसापासून 'तू' म्हटलं, तर त्यात माझं काय? ते 'तू' म्हणजे घरच्या कपड्यातलं 'तुम्ही'च की. मला ते मागून नको होतं, आपसूक हवं होतं. दुकानवालीनं चहाची धमकी देऊन मागून घेतलं, आणि तिला आपसूक मिळाल्यासारखं मिळालं. हेच तर पोटात दुखत होतं.

रात्री जेवणाआधी सगळी गोल बसून प्रार्थना करायची. एकेकानं देवाचे आभार मानायचे. गिटारवालीनं मानले, पाळकसाहेबांनी मानले, मग माझा मौनीबाबा उभा राहिला. संघात त्याला सगळे मौनीबाबाच म्हणतात, इतका तो कमी बोलतो. डोळे मिटून म्हणाला, हे प्रभू, तू आम्हाला इथं आणलंस, तू आम्हाला मावशी दाखवलीस, तू तिच्या पायांना आराम दे. मी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत होते. आकाशातल्या देवाला तू. दारातल्या कुत्र्याला तू. वादळात सापडलेल्या वाण्याच्या दुकानातल्या बाईला तू. उभ्या जगात तेवढी मी एक तुम्ही! मी आमेन म्हटलं, पण ते काही मनापासून नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डबे दुसऱ्या मुलाच्या हाती पाठवायचं ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डबे घेऊन गेले. जळणाऱ्या माणसाला विस्तवाजवळच बसावंसं वाटतं. पोरं छपरावर पत्रे ठोकत होती. दुकानवालीनं मला खाली बसवून घेतलं आणि म्हणाली, तुझा मुलगा फार बडबड्या गं, सकाळपासून डोकं खाल्लं माझं. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, बडबड्या तो दुसरा, चष्मेवाला. ती म्हणाली, छे, तुझाच, आता नव्या शहरात एकट्यानं राहायची भीती वाटते म्हणत होता.

मला माहीत नव्हतं. घरी मी विचारलं होतं, तर 'सगळं ठीक होईल, तुम्ही काळजी करू नका' एवढंच उत्तर आलं होतं. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग ती डब्यात डोकावून हसली आणि म्हणाली, अंडं देऊ नकोस गं त्याला, उकडलेलं अंडं बघितलं की त्याला मळमळतं, लहानपणापासून.

आता बोला! शाळेच्या पहिल्या वर्षापासून मी त्या पोराच्या डब्यात उकडलेलं अंडं ठेवत आलेय. अशक्त होता, म्हणून. रोज डबा रिकामा परत यायचा आणि रोज वरून धन्यवाद यायचा. मी मंडळीत मिरवायचे, की आमच्या मुलाला अंडं फार प्रिय. आणि ही कालची बाई मला सांगते, त्याला मळमळतं. तिथून मी कशी परत आले मला आठवत नाही. रस्त्यात एक दोर आडवा पडला होता त्याला अडखळले आणि त्या दोरालाच शिव्या घातल्या.

त्या दिवशी दुपारी मी पडवीत आले तर पोरगा माझ्या स्टुलापाशी वाकलेला. हातात सुतळी. उंची मोजून गाठ मारत होता. मला क्षणभर वाटलं, माझ्यासाठी काहीतरी करतोय. मन किती वेडं असतं बघा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मावशीला गल्ल्यावर दिवसभर उभं राहावं लागतं, तिचे पाय सुजतात, तिला असंच उंच स्टूल करून देतोय, तुम्ही वापरता म्हणजे उंची बरोबर असणार. ज्या पोरानं मला एक फळी ठोकून दिली नाही, तो माझ्याच स्टुलाचं माप घेऊन दुसरीला स्टूल करायला निघाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग रोज काम आटपलं की तो पडवीच्या टोकाला बसायचा. मोडक्या बाकांच्या फळ्या धुऊन, वाळवून, घासून त्यानं गोळा केल्या होत्या. हातोडी अंगठ्यावर बसायची, खिळा वाकायचा, तो पुन्हा काढून पुन्हा ठोकायचा. गिटारवाली बाजूला बसून हसायची. स्टूल म्हणून जे काही झालं ते तीन पायांवर उभं आणि चौथा हवेत. पण तो असा बघायचा त्याच्याकडे, की मी पाठ फिरवून भांडी घासायला घ्यायचे. रात्रभर ते पावसात भिजू नये म्हणून त्यावर स्वतःचा रेनकोट घालायचा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गॅस संपला. भाताचं आधण ठेवलेलं, पोरं बारा वाजता वाघासारखी भुकेली येणार, आणि सिलिंडर फुस्स. वस्तीत दुसरा मिळेना. मी अंगणात तीन विटा मांडल्या आणि लाकडं शोधायला निघाले. लाकडं पैशाला पासरी पडलेली, पण सगळी ओलीचिंब. पेटवली की नुसता धूर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आधण थंडगार. मग माझी नजर पडवीच्या टोकाला गेली. कोरडं, घासलेलं, रेनकोटाखाली झाकलेलं लाकूड.

मी काही आंधळी नव्हते आणि वेडीही नव्हते. मला माहीत होतं ते काय आहे, कुणासाठी आहे, आणि संध्याकाळी ते कुणाला द्यायचं ठरलंय. दुसरी वाट होती का? होती. शेजारच्या घरी मागितलं असतं तर चार ढलप्या मिळाल्या असत्या. पण मी रेनकोट बाजूला केला, नीट घडी करून ठेवला, आणि कोयत्यानं आधी तो चौथा पाय तोडला, हवेतला. मग बाकीचे. मग बसायची फळी. काय सुरेख पेटलं म्हणता! इतका मोकळा, फडफडीत भात त्या आठवड्यात एकदाही झाला नव्हता.

पोरं आली, हात धुतले, गोल बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी वाढायला लागले. पोरगा उशिरा आला, कारण तो आधी पडवीत गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात घडी केलेला रेनकोट होता. त्यानं चुलीकडे बघितलं. राखेत दोन वाकडे खिळे लाल झालेले दिसत होते, त्याचेच. मी वाढत राहिले. मला वाटलं, आता म्हणेल, हरकत नाही आई, तुमचा नाइलाज झाला असेल. आणि खरं सांगते, तसं म्हणाला असता तर मी तिथंच मेले असते.

"तू जाळलंस?" तो म्हणाला.

माझ्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला.

"तू ते जाळलंस? आई, तुला माहीत होतं ते काय आहे! रोज बघत होतीस तू! तिचे पाय एवढे सुजतात, तू स्वतः जन्मभर उभी राहून स्वयंपाक केलास, तुला कळत नाही? काय कमी होतं इथं लाकडांना? मुद्दाम केलंस तू. तिच्यावर तुझा राग आहे पहिल्या दिवसापासून, मला काय दिसत नाही? तुला ना, कुणाचं चांगलं बघवत नाही!"

आवाज चढला, फाटला, आणि तो थांबेना. पाय आपटला त्यानं. मिशीवाला बाप्या, पण पाय आपटला, लहान पोरासारखा. मग एकदम म्हणाला, "आणि ते अंडं! मला नाही आवडत ते अंडं! रोज मी ते शेजारच्या मुलाला द्यायचो!"

गोल बसलेले सगळे दगड झाले होते. गिटारवालीचा घास तोंडाशी थांबलेला. पाळकसाहेब उठले. मौनीबाबानं तोंड उघडलं ते असं, हे त्यांना सहनच झालं नाही. गंभीर आवाजात म्हणाले, आईशी असं बोलतात का? आईचा मान राखा हेच शिकवलं ना आपण, आधी क्षमा माग.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही मधे पडू नका. आम्ही मायलेकरं बोलतोय."

ते खाली बसले. मी डोळे पुसले तर सगळ्यांना वाटलं, मला लागलं. लागलं होतंच. किती तरी वर्षांचं एकदम लागलं होतं, आणि इतकं गोड, की मला हसू आवरेना. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचं त्यालाच कळलं तो काय बोलून गेला ते. चेहरा पांढरा पडला.

"माफ करा आई," तो म्हणाला, "मी तुम्हाला..."

"पुन्हा तुम्ही म्हणालास तर हा डाव पाठीत घालीन," मी म्हटलं.

आणि मग मी सगळ्यांच्या देखत बोलले. मागून नको म्हणत होते ना, आता मागायचं उरलंच नव्हतं. म्हटलं, जाळलं मी, मुद्दाम जाळलं, जळत होते म्हणून जाळलं. एका दिवसात तू तिला अगं म्हणालास, आणि मी अजून पाहुणी. रेनकोटाची घडी त्यानं उलगडली, परत घातली. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "आत्या म्हणाली होती, अहो म्हणायचं, नाहीतर नव्या आई रागावून निघून जातील. एक गेलीच होती."

माझ्या त्या नणंदेला मी मान वाढवणारी समजत होते. मी त्याच्या ताटात भात वाढला आणि तो खाली बसून जेवला.

संध्याकाळी माझं स्टूल डोक्यावर घेऊन मी दुकानावर गेले. जिंकलेलं माणूस उदार होतं, त्यात माझा मोठेपणा काही नाही. दुकानवालीला सगळं आधीच कळलं होतं, तिच्यापासून काय लपणार. ती त्या स्टुलावर बसली, पाय हलवून बघितले आणि म्हणाली, पोराच्या स्टुलावरून मी पडलेच असते, बरं झालं जाळलंस. मी म्हटलं, अगं, त्याला सांगू नकोस हे. ती लगेच चहा ठेवायला आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सुटला प्रश्न. कसला सुटतोय! त्या दुपारपासून पोरगा अडखळायलाच लागला. राग उतरला तसं 'तू' तोंडात येईना, आणि डावाच्या भीतीनं 'तुम्ही' बाहेर येईना. मग बोलणंच असं, की त्यात मी कुठंच नाही. चहा मिळेल का? पिशवी कुठं ठेवायची? बसमध्ये खिडकीशी बसायचं आहे का? कुणाला विचारतोय, हवेला? मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, बाई, तुला एकदाच मिळालं, रागाच्या भरात, तेवढ्यावर समाधान मान. फोनवर आता 'तब्येत कशी आहे' एवढंच येणार, पुढे ना तू ना तुम्ही.

बस निघाली. वस्ती मागे पडली, समुद्र मागे पडला, गिटारवालीनं गाणं सुरू केलं. सवय वाईट असते. मी पहाटे उठून त्या दुकानवालीच्याच चुलीवर प्रवासासाठी अंडी उकडली होती. डबा उघडला, एक सोललं, मीठ लावलं आणि शेजारी बसलेल्या पोराच्या पुढे धरलं. धरल्यावर आठवलं, आणि हात मागे घ्यायचं सुचेना.

त्यानं अंड्याकडे बघितलं. नाक मुरडलं, चांगलं मुरडलं, मी आजवर कधी बघितलं नव्हतं असं. मग माझा हात बाजूला सारून त्यानं मान खिडकीला टेकली आणि डोळे मिटले.

"नको गं," म्हणाला.